काठी आडवी होते तेव्हा

पदूआप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझ्या कामाविषयी लिहावं लागेल, कारण आमची ओळख त्या कामामुळे झाली आणि आप्पांची शेवटची वर्षं जशी गेली, तशी जायला ते कामच कारण होतं. मी नव्हे, काम. हा फरक मी स्वतःला पुष्कळदा समजावला आहे. तो पुरेसा आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

मी रेल्वेत ओव्हरहेड खात्यात होतो. गाडीच्या टपावर एक घडी होणारा सांगाडा असतो आणि तो वरच्या तारेला घासत जातो, त्यातून गाडीला वीज मिळते. ती तार ताणून धरणं, तपासणं, तुटली की जोडणं हे माझं नोकरीभरचं काम. लोकांना तार दिसते, ताण दिसत नाही. तार खांबाखांबाला नुसती बांधलेली नसते. लांब पल्ल्याच्या टोकांना कप्प्यांवरून लोखंडी वजनं लोंबत असतात. उन्हाने तार लांबली की वजनं खाली उतरतात, थंडीने आखडली की वर चढतात, आणि मधली तार बारा महिने सारखीच तंग राहते. लाइनच्या कडेला खांबाला लगडलेली ही वजनांची चवड तुम्ही पाहिली असेल. ती कशासाठी आहे असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

निवृत्त झालो त्याच वर्षी पत्नी गेली. कर्जतच्या घरात सकाळ कशीतरी जायची, संध्याकाळी वाचनालय होतं, पण दुपार सरायची नाही. तेवढ्यात कर्जतहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलच्या नव्या जोडलाइनचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांच्यापैकी एका ठेकेदाराच्या कचेरीतून विचारणा झाली. तारेत पहिल्यांदा वीज सोडण्याआधी लाइनच्या दोन्ही अंगांच्या गावांना सांगावं लागतं, की अमुक दिवसापासून ही तार जिवंत आहे असंच समजा. त्यासाठी त्यांना इकडचा माणूस हवा होता. पगार बेताचा होता. मी दुपारसाठी हो म्हटलं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं. तार ओढून झाल्यावर कित्येक महिने तिच्यात काहीच नसतं, आणि तेवढ्या महिन्यांत लोकांना तिची सवय होते. खांबांच्या तणाव्यांवर गोधड्या वाळत पडतात. एका ठिकाणी खांबाला म्हैस बांधलेली होती. चौकजवळ एका शेतकऱ्याने खांबावर कारल्याचा वेल चढवला होता. मी वेल काढायला सांगितला, तर तो म्हणाला, "तुमची गाडी यायच्या आत कारली उतरून होतात हो. एवढी काय घाई?" गाडीच्या बाबतीत त्याचा अंदाज बरोबर निघाला. विजेच्या बाबतीत मात्र नाही, म्हणून मी उभा राहून वेल काढायला लावला. कारली त्याने मलाच दिली.

कशेळ्याच्या बाजूने कामावर आलेल्या मजुरांच्या पालांवर एक म्हातारी होती. मी नेहमीचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "ती वीज दिसती का?"

"नाही."

"वाजती?"

"जवळ गेलं तर थोडी गुणगुणते."

"आन हात लावला तर मारती."

"हात लावायचीही गरज नाही. नुसतं जवळ गेलं तरी ओढून घेते."

ती बाजूच्या बाईकडे वळून म्हणाली, "आपल्या देवीवानीच हाय गं. लांबूनच हात जोडायचा." मला त्यात काही सुधारण्यासारखं दिसलं नाही.

आता त्या गावाकडे वळतो. ते खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. नाव देत नाही, कारण तिथल्या कोणालाच ते आवडणार नाही. गावात देवीचं देऊळ आहे आणि देवळाबाहेर लोखंडी कड्यांना बांधलेली देवीची काठी बारा महिने उभी असते. काठी म्हणजे अखंड बांबू, घरावर घर ठेवावं इतका उंच. जत्रेला तिला रंगीत कापडं गुंडाळतात, शेंड्याला मोरपिसांचा झुबका बांधतात. मानकरी कमरेच्या शेल्यात काठीचा बुंधा घेऊन चालतो आणि चौघे जण चार दोर धरून तिचा तोल सांभाळतात. चैत्रात ही काठी गावच्या देवीला घेऊन पलीकडच्या वाडीत तिच्या थोरल्या बहिणीच्या भेटीला जाते. शेतांवरून काठीचा शेंडा दिसला की थोरलीकडचा नगारा सुरू होतो. त्यासाठीच ती एवढी उंच. नवा बांबूही ठरलेल्या वर्षीच तोडायचा आणि जुन्याला लावून मापायचा, वीतभरही कमी चालत नाही.

आमचं गाव तिथून जवळच. माझे आजोबा या काठीपुढे हलगी वाजवत. वडिलांच्या तरुणपणी आमच्या वाडीने धम्म स्वीकारला आणि हलगी खाली ठेवली. त्यामुळे ही काठी मी लहानपणापासून ओळखत होतो, पण शेताच्या बांधावरून. तिच्याबद्दल माझ्या मनात भक्ती नव्हती, रागही उरला नव्हता. आमचे अधिकारी म्हणाले, तुम्ही तिकडचेच, तुम्हीच समजवा. किती तिकडचा आणि किती इकडचा, हे त्यांना कुठून माहीत असणार?

नवी लाइन गाव आणि थोरलीची वाडी यांच्या मधून गेली होती. गेल्या चैत्रात नुसता भराव होता, काठी त्यावरून उभी गेली. या चैत्रात तार आली होती. उंच उभी वस्तू तिच्याहून ठेंगण्या तारेखालून जाऊ शकत नाही, हे समजायला इंजिनियर लागत नाही. लाइनखालून माणसांसाठी आणि बैलगाड्यांसाठी भुयारी रस्ता केलेला होता. त्यातून जायचं तर काठी आडवी करायला हवी.

गावकीच्या बैठकीआधी अनंता मला साइटवर भेटला. काठीचे मानकरी असलेल्या पदूआप्पांचा हा मुलगा आमच्याच ठेकेदाराकडे तार ओढणाऱ्या टोळीत होता. त्या गावासमोरची तार त्याच्या टोळीनेच ओढली होती.

"साहेब, बैठकीत जपून बोला," तो म्हणाला. "काठी आडवी होती ती फक्त मानकरी मेल्यावर. त्याच्या दारात आणून तिरडीशेजारी ठेवतात. माझ्या आजोबाला ठेवली होती. बाबांचा जीव दोनच गोष्टींत हाय. काठी थोरलीकडं गेली पायजे, आन ते गेले की काठी त्यांच्या दारात आडवी झाली पायजे. दुसरं कायबी मागत नाय त्यो माणूस."

"आणि तू?"

"मला सगळं गाव इचारतंय, तार तूच ओढलीस ना. मी काय सांगू? पगार घेतो सांगू?"

बैठक देवळाच्या मंडपात झाली. पदूआप्पा खांबाला टेकून बसले होते. ऐंशीच्या घरातला उंच, वाळका माणूस, डोक्याला पांढरा फेटा. काठी आता अनंता उचलत असे, पण मान आप्पांचाच होता. मी चित्रं दाखवून तारेबद्दल सांगितलं. बांबू वाळलेला दिसला तरी त्यात ओल असते, आणि तार शिवायची वाट पाहत नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

मंडळाचा अध्यक्ष सचिन म्हणाला, "तासभर बटण बंद करा ना साहेब. लग्नात आमी डीपी बंद करतोच की."

"बटण बंद केलं तरी तार जागेवरच राहते."

"मग तासभर तार सोडून ठेवा. आमची काठी गेली की परत बांधा. अनंतादा हायच."

मंडपात हसू फुटलं. मी त्यांना तारेच्या दोन टोकांची वजनं समजावून सांगितली. त्यातलं एक टोक गावाबाहेर आणि दुसरं पार डोंगराकडे आहे, मधे एका जागी तार सोडता येत नाही. लाइनीवरून जाणारा मोठा पूल व्हायचा होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा भराव अजून पडायचा होता. कोणी म्हणालं, काठी कापा. त्याच्याकडे इतरांनी असं पाहिलं की तो उठून बाहेर गेला. कोणी म्हणालं, यंदा नेऊच नका. त्यावर बायका बोलायला लागल्या, की थोरली वाट बघंल, आपली ल्हान हाय तिनं नाय जायचं मंजे काय. शेवटी सगळे गुरवाकडे पाहायला लागले.

गुरव म्हणाला, "आडवी करायचा नेम एकच हाय. मानकरी गेला पायजे. त्याबिगर हात लावायचा नाय. आन एका मानकऱ्याला एकदाच."

मग पदूआप्पा म्हणाले, "मंग मानकरी गेला असं धरा."

"धरायचं कसं, आप्पा?" गुरवाने विचारलं.

"तुमाला काय करायचं नाय. मी धरतो ना. उद्यापासून अनंता मानकरी."

"आन सुतक?"

"जत्रंत कोण गेलं तर सुतक जत्रा झाल्यावर धरतात का नाय? मंग. मी जत्रंत गेलो."

हे ते थट्टेत बोलले असं काही जणांना वाटलं, आणि दोघेतिघे हसलेही. आप्पांनी फेटा उतरवला, उठून देवीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बोडक्या डोक्याने घरी गेले. त्यानंतर कोणी हसलं नाही. अनंता माझ्याकडे बघत होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी माझी तारेची चित्रं गोळा करायला लागलो.

जत्रेच्या दिवशी मी लाल-पिवळं जाकीट घालून भुयारी रस्त्याच्या तोंडाशी उभा होतो. काठी वाजतगाजत तिथवर आली आणि वाजंत्री आपोआप थांबली. दोर सैल केले, अनंताने बुंधा शेल्यातून काढला आणि काठी हळूहळू खाली आली. ती खांद्यांवर आडवी झाली तशी बायकांनी हुंदका दिला. खोटा नव्हता तो. अनंताच्या बायकोला दोघींनी धरलं होतं. आप्पा आले नव्हते. मेलेला माणूस स्वतःच्या काठीला येत नाही, असं त्यांनी सुनेला सांगितलं होतं. भुयारात घोटाभर पाणी होतं. त्यातून माणसं न बोलता चालत गेली, फक्त पावलांचा आवाज येत होता. पलीकडे काठी पुन्हा उभी केली, तेव्हा कुठे थोरलीकडचा नगारा वाजला. वर तार गुणगुणत होती. कोणाला काही झालं नाही. माझ्या कामात यापेक्षा मोठं यश नसतं: काही न होणं. मला त्या दिवशी थोडा अभिमान वाटला होता, हे खरं आहे.

मला वाटलं होतं की जत्रा झाली, आता हे सगळे विसरतील. सगळे विसरले, पण आप्पा विसरले नाहीत. ते देवळात जाईनात. गावकीत बसेनात. लग्नाला गेले तर मांडवाबाहेर. "मेलेल्यानं अक्षता टाकायच्या नसतात," म्हणायचे. पहिल्यांदा लोकांनी आग्रह केला, नंतर थट्टा केली, आणि त्यानंतर त्यांना सवय झाली. मानाचं ताट अनंताकडे गेलं, पत्रिका अनंताच्या नावाने यायला लागल्या, शेताच्या बांधाचा वाद झाला तेव्हा आप्पांना कोणी विचारलं नाही, आणि बांध त्यांनीच घातलेला होता. माणूस घरात जेवत होता, उठत होता, बसत होता, पण त्याच्याशिवाय चालायला लागलं होतं. हे कसं असतं ते मला वेगळ्या बाजूने माहीत होतं. माझ्या घरात मी होतो, आणि जिच्याशिवाय चालत नव्हतं ती नव्हती.

गावासमोर नवं स्टेशन बांधून तयार होतं. फलाट, बाकं, नावाच्या पाट्या, पंखे, सगळं. गाडी तेवढी सुरू झाली नव्हती. अधूनमधून चाचणीचं इंजिन यायचं आणि न थांबता निघून जायचं. आमची कचेरी स्टेशनातल्याच एका खोलीत होती. आप्पा रोज दुपारी फलाटावरच्या पहिल्या बाकावर येऊन बसायला लागले. रखवालदाराने एकदा हटकलं, तेव्हा ते म्हणाले, "मी गेलेला माणूस हाय रं. मला तिकीट नाय लागत." रखवालदार परप्रांतातला होता. त्याने मला येऊन विचारलं की बाबा असं का म्हणतात. समजावता समजावता माझी दुपार गेली. पुढे मी डबा घेऊन त्याच बाकावर जेवायला लागलो.

"माझ्याकडं का बसतोस?" त्यांनी एकदा विचारलं. "कचेरीत पंखा हाय."

"घरी एकट्याने जेवतो, इथे तरी नको."

"बायको गेली ना तुझी. अनंता बोलला." थोडा वेळ त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं. "मंजे तू बी अर्धा इकडचाच."

मी चहा मागवत असे. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती. ते पोऱ्याला ओरडून सांगत, "दोन चमचे टाक. मेलेल्याला डायबेटीस नसतो." एकदा मी म्हटलं, आप्पा, आता पुरे, जा देवळात, कोण काय म्हणतंय? तर ते म्हणाले, "मी गेलो नाय असं झालं, तर काठी उगाच आडवी झाली असं होईल. देवीला फशिवल्यावानी. आपल्याला झेपल तेवढंच बोलावं माणसानं. बोललो तर बोललो."

मी पिशवीतलं पुस्तक काढलं की ते विचारत, "कसलं हाय?"

"कादंबरी."

"कोण मरतं का त्यात?"

"एक जण मरतो."

"मंग त्याच्या पुढचं वाच. अलीकडचं मला ठाव हाय."

मी वाचायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. मधेच म्हणायचे, "तुझा आजा हलगी वाजवायचा. असा हात मी परत बघितला नाय." मी पान उलटलं. मग ते म्हणाले, "सोडली ते बरं केलंत. वाजवायला लावायचे, पण काठीला शिवू देत नसत. मी बी त्यातलाच." आणि पुन्हा डोळे मिटून, "वाच पुढं."

त्यांच्या बापाच्या मरणाची गोष्ट त्यांनी मला तिथेच सांगितली. दारात तिरडी आणि शेजारी काठी, दोघांची तोंडं एका दिशेला. सगळं गाव अंगणात. "मी तवाच बोललो मनात, आपलं बी असंच पायजे. येवढं एक." नंतर लाइनच्या पलीकडे बघत त्यांनी विचारलं, "मी खरा मेलो, मंजे परत, तर करतील का रं आडवी?"

मी म्हटलं, "गाव तुमचंच आहे आप्पा. करतील."

"गुरव एकदाच बोलला हाय."



पुढच्या चैत्रापर्यंत मोठा पूल झाला. रस्ता लांबचा, पण त्यावरून काठी उभी नेता आली असती. जत्रेच्या सकाळी आम्ही दोघे बाकावर होतो. पुलावर एक टेंपो दिसला. टेंपोत काठी आडवी टाकलेली होती आणि मागे बाहेर आलेल्या शेंड्याला, लोखंडी सळ्यांना बांधतात तसं, लाल फडकं बांधलं होतं. मागून पोरं मोटरसायकलींवर. आप्पा उभे राहिले. खालच्या रस्त्याने सचिन गाडीवरून चालला होता, त्याला त्यांनी हाक मारली.

"कोण गेलं रं?"

"कोण नाय आप्पा," सचिन गाडी बंद न करता म्हणाला. "पुलावर वारा लय असतो, उभी धरली तर कलंडंल. आन एवढं कोण चालतंय? पलीकडं गेलो की उभी करतो."

"गुरव काय बोलला?"

"तो पुढं बसलाय टेंपोत."

"बराबर हाय," आप्पा म्हणाले. सचिन गेला. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "इतकं सोपं होतं."

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. अनंता त्या वर्षी काठीला गेलाच नव्हता. टेंपोचं ठरलं तेव्हाच शेला त्याने देवळात परत नेऊन ठेवला होता. त्याच आठवड्यात मी गुरवाकडे गेलो. माझ्यासारख्याने जावं असं ते ठिकाण नव्हतं, पण गेलो. विचारलं, आप्पांना परत आणायचा काही विधी आहे का? गुरव वाईट माणूस नव्हता. त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "आमच्याकडं न्यायचा हाय, साहेब. आणायचा नाय."

आप्पा त्यानंतर आठेक महिने होते. बाकावर येणं कमी झालं, मग बंद झालं. मी घरी जायचो, खाटेशेजारी बसून वाचायचो. काय चाललंय ते त्यांना कळत होतं की नाही, ठाऊक नाही. थंडीतल्या एका सकाळी अनंताचा फोन आला.

"साहेब, बाबा गेले," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "खरे."

मी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून होत आली होती. गावातली पुष्कळ माणसं आली होती, आणि आप्पांच्या हयातीत शेवटी शेवटी जी गर्दी त्यांच्या वाट्याला आली नाही, ती आता अंगणात मावत नव्हती. सचिन आणि मंडळाची पोरं देवळाकडून आली. सचिनने डोळे पुसले होते. तो अनंताच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाला, "अनंतादा, आमी काठी सोडतोय. दारात आणतो. गुरवाला इचारलंय, तो काय बोलत नाय आता."

अनंता काथ्याची गाठ मारत होता. मान वर न करता म्हणाला, "नको."

"चुकलं आमचं. टेंपोत नको होती टाकायला."

"चुकलं असंल. पण आता आडवी केली तर बाबा त्या टायमाला मेले ते खोटं झालं. दोन वर्स ते बाहेर बसले ते खोटं झालं. बांधा परत."

सचिन तिथेच उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलावं म्हणून. माझ्याजवळ सांगण्यासारखं होतंही. मी अनंताला अंगणाच्या कडेला नेलं आणि म्हणालो, "अनंता, तुला माहीत नसेल, मला त्यांनी फलाटावर विचारलं होतं. त्यांना ती हवी होती. शेवटपर्यंत हवी होती."

"मला म्हायती नाय व्हय साहेब?" तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "रात्री झोपेत इचारायचे, काठी आणली का म्हणून. हवी होती म्हणूनच दिली ना त्यांनी. नको असती तर देण्यात काय होतं?"

यानंतर तो पुन्हा गाठी मारायला बसला. सचिन मुकाट्याने परत गेला, आणि देवळापाशी पोरांनी सोडलेले दोर पुन्हा कड्यांना बांधल्याचं आम्हाला अंगणातून दिसलं.

तिरडी उचलली तेव्हा मी मागे होतो. वाटेत कोणी तरी दमलं असावं. अनंताने मागे वळून मला खूण केली आणि मी खांदा दिला. आप्पा फार हलके झाले होते. देवळासमोर आल्यावर पुढचे लोक थोडे थबकले, सवयीने. काठी उभी होती. अनंताने वर पाहिलं नाही. तो म्हणाला, "चला," आणि आम्ही तिच्या पायथ्याशेजारून आप्पांना घेऊन गेलो.